अस्तराचं तळं

उन्हाळ्यात तळ्यावर गळ टाकायला येणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेचे लोक ऊन चांगलं वर आल्यावर टोपीबिपी घालून येतात, काठाजवळच्या उथळ पाण्यात गळ सोडतात, दुपारपर्यंत भाजून निघतात आणि तळ्यात मासेच उरले नाहीत म्हणून दिसेल त्याला शिव्या घालत घरी जातात. दुसऱ्या तऱ्हेचे लोक पहाटे येतात, दोन मासे काढतात आणि बाकीचे दात घासत असतात तेव्हा घरी परततात. ते कुणाला काही सांगत नाहीत. फिटर या दुसऱ्या तऱ्हेतला होता, आणि इतका पक्का, की सख्ख्या भावालाही त्याने कधी ताकास तूर लागू दिली नव्हती.

पंप-घरात आयुष्यभर नोकरी केली म्हणून तो फिटर. नोकरी संपली तरी नाव सुटलं नाही. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटांना नवं अस्तर लावणं. अख्खा जिना तिला वहिनी म्हणायचा, तळमजल्यावरचा घड्याळजीसुद्धा, जो तिच्या वडिलांच्या वयाचा होता. त्यांना मूल नव्हतं, होडी होती. लोक म्हणायचे, फिटर बायकोला होडीतून मिरवायला नेतो. मिरवतोय कसला! वल्ही तीच मारायची.

उन्हाळ्यात तळ्याचे थर होतात, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. वरचं पाणी तापतं. तळाचं गार असतं, पण मेलेलं. तिथे वर्षानुवर्षांचा पाला कुजत पडलेला असतो आणि माशाला श्वास घ्यायला काही नसतं. म्हणजे वर गेलं की भाजायचं, खाली गेलं की गुदमरायचं. मासा बिचारा मधल्या पट्ट्यात लोंबकळत राहतो. तो पट्टा कुठे आणि किती खोल हे शोधायला फिटरकडे एक शिशाचा गोळा होता, लांब दोरीला बांधलेला, दोरीला हातभर अंतरावर गाठी. गोळा खाली सोडायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, मग झरझर वर ओढायचा आणि गालाला लावायचा. स्वतःच्या नाही, वहिनीच्या. त्याचा गाल राठ, त्याला काय कळणार!

"सांग," तो म्हणायचा.

ती वल्ही सोडून डोळे मिटायची. "कोमट." पुढच्या जागी, "गार आहे, पण घाण वास येतोय." असे ते उन्हाळेच्या उन्हाळे तळंभर फिरले. आणि एका सकाळी तिने गालाला गोळा लागताच डोळे उघडले. "गार आहे. आणि वास नाही." खाली कुठेतरी झरा होता. त्याचं गार, ताजं पाणी तळातून वर येत होतं आणि उन्हाने हैराण झालेले तळ्यातले सगळे थोराड मासे तिथे येऊन थांबले होते. फिटरने चोरासारखं आजूबाजूला पाहिलं. मग काठावरच्या खुणा धरल्या. पाण्याच्या टाकीमागे गिरणीचं धुरांडं लपलं पाहिजे, आणि डावीकडे पंप-घराचं दार दिसायला लागलं पाहिजे. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे थांबायचं. त्या दिवशी त्याने पुन्हा एकदा, काही गरज नसताना, तो गार गोळा तिच्या दुसऱ्या गालाला लावला होता. ती आठवण तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय!

दोन मासे काढून फिटर गळ गुंडाळायचा. तिसरा कधीच नाही. खोलातल्या गार पाण्यातला मासा ऐन उन्हाळ्यात वर आणला आणि कौतुक करून सोडून दिला, तर तो वरच्या ऊन पाण्यात टिकत नाही, पोट वर करतो. म्हणून खायचे तेवढेच काढायचे. तळ्यावरच्या मंडळाची दरवर्षी उन्हाळी स्पर्धा व्हायची, सगळ्यात वजनदार मासा काढणाऱ्याला कप. फिटर तिच्यात कधी उतरला नाही. पण स्पर्धेच्या सकाळी आपले दोन मासे पिशवीतून शेपट्या बाहेर काढून मंडळाच्या तंबूसमोरून तो मुद्दाम सावकाश चालत जायचा. त्यातला लहान मासासुद्धा कपवाल्यापेक्षा मोठा असायचा. आता हा खवचटपणाच झाला. पण माणसाला एखादी तरी खोड असणारच.

या खवचटपणाने सगळ्यात जास्त मिरच्या झोंबायच्या त्या त्याच्या धाकट्या भावाला. धाकटा विम्याचा एजंट. बोलण्यात असा, की बंद दाराशीही दोन गोड वाक्यं बोलून पुढे जाईल. गळ बांधायला त्याला फिटरनेच शिकवलं होतं, मांडीवर बसवून. पण वडील गेल्यावर त्यांची होडी फिटरकडे आली, आणि एवढ्यावरून धाकट्याने या घराचा उंबरा सोडला. खरं दुखणं होडीचं नव्हतं. होडी कुठे जाऊन थांबते, हे दादा आपल्याला सांगत नाही, हे होतं. वर्षं गेली. रस्त्यात भेट झालीच तर दोघं हवेबद्दल बोलायचे.

मग या वर्षी, ऊन तापायला लागायच्या सुमाराला, फिटरला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अक्षर काढता येईना, की डोकं हलवून धड हो-नाही सांगता येईना. घशातून एक घोगरा आवाज तेवढा निघायचा, आणि तो भुकेचा, रागाचा की हसण्याचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी दारावर टकटक झाली. दारात धाकटा, हातात बिस्किटांचा पुडा.

"दादा," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. फिटरही रडला, अर्ध्या चेहऱ्याने. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. आजारपणाने नवरा अर्धा नेला, पण भाऊ पुरा परत आणला, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

धाकटा दर रविवारी यायला लागला. दादाला हाताने सूप पाजायचा, पेपर वाचून दाखवायचा, नखं कापायचा. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली होती, की डाव्या हाताला काम द्या, डोक्याला खाद्य द्या. धाकट्याने ते मनावर घेतलं. एका रविवारी त्याने वहिनीच्या मशीनवरचं निळं अस्तर उचललं आणि जेवायच्या टेबलावर पसरलं.

"हे काय करताय, भावजी? गिऱ्हाईकाचं आहे ते."

"दोन मिनिटं, वहिनी. दादा, बघ. हे आपलं तळं." मापाची टेप त्याने कडेने वळवून वळवून काठ केला. मिठाची बरणी ठेवली, ती पाण्याची टाकी. दोऱ्याचं उभं रीळ म्हणजे धुरांडं. काडेपेटी म्हणजे पंप-घर. मग बटणांच्या डब्यातून एक पांढरं कोटाचं बटण काढून फिटरच्या डाव्या हातात दिलं. "आता ही आपली होडी. सांग बघू, या उन्हात कुठे न्यायची?"

वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी हसत होतं. फिटर बराच वेळ त्या निळ्या कापडाकडे बघत राहिला. मग त्याचा हात निघाला आणि बटण टेपेच्या टोकाशी ठेवलं गेलं, बांधाच्या अगदी पायाशी.

वहिनीचं हसू मावळलं. बांध! उन्हाळ्यात बांधाच्या पायाशी काय असतं? रात्रभर गार न होणारे दगड आणि बोटभर पिल्लं. थंडीत तिथे बसायचं, दगड ऊब धरतात म्हणून. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तळहातासारखं तळं माहीत असलेल्या माणसाने बटण तिथे ठेवावं? ती भांडी घासायचं निमित्त करून आत गेली आणि नळ सोडून रडली. तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "झटक्यात असं होतं. आठवणी जातात. तुम्ही त्रास करून घेऊ नका." त्रास करून घेऊ नका म्हणायला डॉक्टरांचं काय जातं!

पुढच्या रविवारी धाकटा आला तो उन्हाने नाकाची सालं निघालेला. "दादा, अरे बांधाला काही नाही रे. दोन पहाटा घालवल्या. गांडूळ लावलं, मका लावला, बारीक गळ लावला. दुसरीकडे कुठे? हं?" पुन्हा अस्तर पसरलं, पुन्हा टेप वळवली. या वेळी बटण थोडं पुढे गेलं, ओढ्याच्या तोंडाशी. ओढा तर कधीच आटला होता. त्याच्या पुढच्या रविवारी शेवाळाच्या कडेला. मग बुडालेल्या झाडापाशी. दर वेळी धाकटा तिथे जाऊन यायचा, उन्हाने काळा पडायचा, कधी एखादा मध्यम मासा मिळायचा, कधी तेही नाही, आणि दर रविवारी नव्या उमेदीने टेबलाशी बसायचा. "आज सांगेल दादा. आज सांगशील ना?"

एवढ्या दिवसांत वहिनीने एक गोष्ट केली नाही. तिघांतलं तिसरं माणूस गेल्यावर, दार लागल्यावर, नवऱ्याच्या हातात बटण देऊन तिने कधी विचारलं नाही, की अहो, आपली जागा कुठे? अस्तर घडी करताना शब्द ओठांवर यायचे. पण विचारलं, आणि त्याने बटण बांधाला नेऊन ठेवलं तर? मग त्या गार गोळ्याची सकाळ आता जगात फक्त तिच्या एकटीच्या आठवणीत उरली, हे कायमचं ठरलं असतं. त्यापेक्षा नको विचारायला. ती घाबरली, आणि घाबरून तिने वेगळंच काहीतरी सुरू केलं. त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागली. "आ करा. शहाणं बाळ ते. संपवलं सगळं? वा!" आल्यागेल्याला त्याच्यासमोरच सांगायची, "त्यांना आता काही कळत नाही हो." फिटर तिच्याकडे बघत राहायचा. त्या बघण्याचा अर्थ लावायचाही तिने सोडून दिला होता.

एक मात्र होतं. रविवारी सकाळी फिटर डाव्या हाताने दाढीचा मग उचलून तिच्यासमोर धरायचा. इतर दिवशी दाढी वाढो, नाहीतर राहो, त्याला काही नसायचं. रविवारी गुळगुळीत करून हवी. ती साबण लावताना म्हणायची, "भाऊ येणार ना आज? कळतं बरं एवढं!"

ऊन वाढत गेलं. तळ्याचं पाणी खाली गेलं. स्पर्धा जवळ आली, आणि धाकट्याचा धीर सुटायला लागला. तो उशिरा यायला लागला, सूप पाजता पाजता फोन बघायला लागला. एकदा तर चमचा फिटरच्या तोंडासमोर तसाच धरून त्याने कुणाला तरी पॉलिसी समजावून सांगितली. त्या रविवारी बटण लाकडी धक्क्याखाली गेलं. धाकट्याने ते उचलून डब्यात टाकलं.

वहिनी त्याला सोडायला जिन्यात आली. विजेच्या मीटरांपाशी तो थांबला.

"वहिनी, खरं सांगू? आता यायला जिवावर येतं. दादा मला ओळखतो तरी का, देव जाणे. आपण येतो, बसतो, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही."

"असं नका म्हणू, भावजी. तुमची वाट बघतात ते. आज सकाळीच दाढी करून बसलेत."

"ते तुम्ही करता म्हणून बसतो." त्याने घाम पुसला. "माझी एवढीच इच्छा होती हो. दादाची जागा दादाकडूनच कळावी. एकदा तरी कप आणून त्याच्या हातात द्यावा. म्हणावं, तुझ्यामुळे. जाऊ दे. आता त्याच्याच डोक्यातून गेली, तर कुणाला विचारणार?" तो दोन पायऱ्या उतरला. "पुढच्या रविवारचं बघतो कसं जमतं ते."

बघतो कसं जमतं! या वाक्याचा अर्थ काय होतो हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. शिवायला टाकलेले कपडे न्यायला येतो म्हणणारी गिऱ्हाइकं असंच म्हणतात. तिला वर खोलीतली रविवारची दुपार दिसली. दाढी केलेला फिटर, बंद दार, आणि मधे कुणी नाही.

"भावजी, थांबा."

आणि तिने सांगितलं. टाकीमागे धुरांडं लपवायचं, पंप-घराचं दार दिसायला लागलं की थांबायचं. सांगताना तिला वाटत होतं, की आपण या दोन भावांमधला शेवटचा दगड बाजूला काढतोय. कप येईल. धाकटा तो दादाच्या मांडीवर ठेवेल. दादाला कळो न कळो, भाऊ तर कायमचा बांधला जाईल.

"किती खोल?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

ती वर धावली. फिटर टेबलाशी डोळे मिटून बसला होता. त्याच्या पाठीमागून तिने मशीनचा खण हळूच उघडला, शिशाचा गोळा दोरीसकट काढला आणि खाली नेऊन धाकट्याच्या हातावर ठेवला. "ही लाल गाठ. एवढंच खोल. त्याखाली जाऊ नका. आणि भावजी, दोनच काढायचे हं. वर आणून सोडलेला मासा जगत नाही."

"वहिनी," धाकटा गहिवरून म्हणाला, "तुम्ही मला आईसारख्या आहात."

पुढच्या रविवारी स्पर्धा होती, तेव्हा तो आला नाही हे ठीकच. फिटर दाढी करून दिवसभर दाराकडे बघत बसला. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, की जरा गडबड आहे. कप धाकट्याला मिळाला, हे वहिनीला घड्याळजीने सांगितलं, ती जिना चढत असताना, जणू तिला माहीतच असणार अशा थाटात. मग फोनही आला नाही. दर रविवारी दाढीचा मग पुढे यायचा, दर रविवारी ती साबण लावायची. "येतील हं. कामात असतील."

शेवटी एका रविवारी, फिटरला दाढी करून, चहा पाजून आणि घड्याळजीला "जरा लक्ष असू द्या" सांगून ती तळ्याकडे निघाली. भावजींना हाताला धरून आणायचं असं ठरवून.

ऊन मी म्हणत होतं. काठावर उतरताच तिच्या नाकाला वास लागला. पाण्याच्या कडेला, शेवाळात अडकलेले, मासे पडले होते. थोराड मासे, पांढरी पोटं वर. एकेकाच्या ओठाला गळाची जखम. ती धक्क्यापर्यंत गेली आणि तिथून तिने पाहिलं. टाकी, धुरांडं, पंप-घराचं दार. त्या रेषा जिथे एकमेकींना कापत होत्या तिथे होड्यांची जत्रा भरली होती. कुणी मासा दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेत होतं. फोटो झाला की मासा पाण्यात. टाळ्या.

धाकट्याची होडी तेवढ्यात धक्क्याला लागली. तिच्यातून इस्त्रीच्या कपड्यांतले दोन साहेब उतरले. "कळवतो तुम्हाला पॉलिसीचं," त्यातला एक म्हणाला. धाकट्याने त्यांना हसून निरोप दिला, वळला आणि वहिनीला पाहून क्षणभर गडबडला. क्षणभरच.

"अरे, वहिनी! एवढ्या उन्हात? दादा कसा आहे?"

"वाट बघतोय." तिच्या तोंडून एकेरी गेलं, इतका तिला संताप आला होता. "भावजी, ते मासे बघितलेत? मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"लोक ऐकतात का? मी काय एकेकाच्या हातातून मासा काढून घेऊ? एकदा मला तिथे थांबलेलं बघितलं, झालं, सगळे आले मागे. तळं काही आपल्या बापाचं नाही."

"ते शिसं द्या मग. आमचं."

"शिसं?" त्याला आठवायला वेळ लागला. "ते होय! ते पडलं हो पाण्यात, पहिल्याच दिवशी. जुनाट दोरी होती. आता मी यंत्र घेतलंय, खोली, ऊब, मासे, सगळं आपोआप दाखवतं." आणि मग, मागे वाट बघत उभ्या असलेल्या दुसऱ्या साहेबांकडे बघत, "येतो हं मी एकदा. नक्की येतो. दादाला सांगा."

परत येताना तिने बसमध्ये ठरवलं, की यातलं काही घरी बोलायचं नाही. बोलून तरी कळणार कुणाला?

दार ढकललं तर फिटर टेबलाशी बसला होता, आणि टेबलावर तळं होतं.

त्याने ते एकट्याने, एका हाताने मांडलं होतं. अस्तर सुरकुतलेलं होतं, पण टेप बरोबर वळवली होती, धाकट्यापेक्षा जास्त बरोबर. बांधाजवळची खोबणसुद्धा त्याने सोडली नव्हती. टाकी, धुरांडं, पंप-घर, सगळं जागच्या जागी. तिला पाहून त्याने घशातून आवाज काढला आणि डाव्या हाताने बटण उचललं.

बटण बांधाशी टेकलं. तिथून उचलून ओढ्याच्या तोंडाशी. मग शेवाळाच्या कडेला. मग बुडालेलं झाड. मग धक्का. टेपेच्या कडेकडेने, एकापुढे एक, ज्या क्रमाने ते रविवार गेले होते त्याच क्रमाने, एकही जागा न चुकता. वहिनी उभीच राहिली. बांध थंडीतला. ओढ्याचं तोंड ओढा वाहतो तेव्हाचं. शेवाळाची कड कोवळ्या उन्हाच्या दिवसांतली. एकही जागा खोटी नव्हती. फक्त एकही या ऋतूतली नव्हती. बटण धक्क्यापाशी थांबलं. फिटरने दाराकडे पाहिलं, भाऊ येतो त्या दाराकडे. मग बटण पुढे सरकवलं, पुढच्या रविवारच्या जागेवर. मग त्याच्या पुढच्या. बोटाने मोजावं तसे त्याने पुढचे रविवार काठाकाठाने टिपून दाखवले. तळं मोठं होतं. पुरवून पुरवून वापरलं असतं तर उन्हाळा सरला असता, पुढचाही सरला असता.

आणि शेवटी त्याने बटण काठ सोडून आत नेलं. टाकी, धुरांडं, काडेपेटी. एक डोळा बारीक करून त्याने नेम धरला आणि बटण टेकवलं. बरोबर तिथेच. सुताचाही फरक नाही. पुढच्या क्षणी ते झटकन उचलून मुठीत लपवलं, आणि चालत्या बाजूच्या अर्ध्या तोंडाने तो हसला. तंबूसमोरून पिशवी घेऊन जाताना हसायचा तसा, खवचट, आणि या पृथ्वीवर फक्त तिच्यासाठी. हे आपल्या दोघांतलं, असं ते हसणं सांगत होतं.

तो सगळा शाबूत होता. पहिल्या दिवसापासून शाबूत होता. सूप, पेपर, कापलेली नखं कशासाठी आहेत हे त्याला तिच्या आधी कळलं होतं, आणि कळूनही त्याला ती हवी होती. भाऊ तेवढ्यासाठी येत असेल तर तेवढ्यासाठी येऊ दे, पण येऊ दे. म्हणून तो हातचं राखून, एका रविवारला एक जागा, असं भावाला तळं वाढत होता. आणि ती त्याला शहाणं बाळ म्हणत होती.

"अहो," ती म्हणाली. किती दिवसांनी तिने त्याला अहो म्हटलं होतं.

फिटरला तिच्या चेहऱ्यावरचं काही दिसलं नसावं, किंवा तो खुशीत होता. त्याने मुठीतलं बटण तिच्या गालाला लावलं आणि भुवई उंचावली. सांग. बटण त्याच्या हाताच्या उबेने कोमट झालं होतं. ते त्यालाही जाणवलं असावं, कारण त्याने बटण खाली ठेवलं आणि शेजारच्या मशीनकडे हात लांब केला. त्याला खरा गोळा हवा होता.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "नंतर काढू. अहो, राहू द्या."

पण खण त्याच्या हाताशी होता. त्याने तो ओढला. कात्री बाजूला केली, खडू बाजूला केले, रिळं चाळली. हात खणाच्या पार मागच्या फळीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग त्याने वर पाहिलं, तिच्याकडे, मग दाराकडे, आणि परत तिच्याकडे. तिने मान खाली घातली.

मग खण बंद झाल्याचा आवाज आला. फिटर तळं आवरत होता. मिठाची बरणी भिंतीकडे सरकवली, रीळ आडवं केलं, काडेपेटी बाजूला ठेवली. टेप एका हाताने गुंडाळता येईना, म्हणून तिने हात पुढे केला. त्याने टेप सोडून दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी त्याने अस्तर ओढून घेतलं आणि ते गिऱ्हाइकाचं आहे हे लक्षात ठेवून हाताने सपाट केलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती साबण, पाणी, टॉवेल घेऊन त्याच्यासमोर बसली. दाढीचा मग त्याच्या हाताशीच होता. त्याने तो उचलला नाही.